टास्क मॅनेजरात ३० टक्के, तरी आवाज का तडतडतो?

डोंबिवलीच्या एका तरुण संगीत संयोजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या खोलीत क्यूबेस या संगीत ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर काम चालतं. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-सेव्हन १२७००एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम, बरा ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारं यंत्र), बफर, म्हणजे एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची मापं, ४८ किलोहर्ट्‌झ. गणपतीचं गाणं हातात आहे, त्यात ढोल-ताशाचे थर, हलगी, झांजा, तानपुरा, सिंथचे पॅड, कोरस असे पन्नासेक ट्रॅक. टास्क मॅनेजर म्हणतो प्रोसेसर ३० टक्के. क्यूबेसचा मीटर मात्र लाल होतो आणि आवाज तडतडतो. कधीकधी गाणं नीट चाललेलं असतं आणि एखाद्या ट्रॅकवर नुसतं क्लिक केलं की तडतड सुरू होते. पुढे विचारलंय की रिकामे कोअर कामाला कसे लावायचे, टास्क मॅनेजरमधून अ‍ॅफिनिटी (प्रोग्रामला ठरावीक कोअर नेमून देणं) लावून द्यावी का, बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) ई-कोअर, म्हणजे कमी ताकदीचे कोअर, बंद करावेत का, आणि शेवटी, लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाऊन २४ कोअरचा डेस्कटॉप बांधून घ्यावा का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे जाणार आहेत: आत्ता नको. बाकीचं वाचून, करून बघा, मग ठरवा.

तुमच्या प्रोसेसरमध्ये १४ कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) आणि २० थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) आहेत. टास्क मॅनेजरचा आकडा ही त्या विसांची सरासरी. एक थ्रेड जीव तोडून पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि बाकी १९ निवांत असतील, तर सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास दिसेल. म्हणजे ३० टक्क्यांच्या आत पाच-सहा थ्रेड अगदी शेवटाला टेकलेले असू शकतात आणि त्या आकड्यावरून ते कळणार नाही. दुसरी गोष्ट वेळेची. ४८,००० सॅम्पल भागिले १२८ म्हणजे ३७५. क्यूबेसला दर सेकंदाला ३७५ वेळा, प्रत्येक वेळी २.६७ मिलिसेकंदांच्या आत, सगळ्या गाण्याचा पुढचा तुकडा तयार करून इंटरफेसच्या हवाली करायचा असतो. टास्क मॅनेजर साधारण सेकंदातून एकदा डोकावतो. त्या सेकंदात ३७४ तुकडे वेळेत पोचले आणि एक उशिरा आला, तर टास्क मॅनेजरला काही घडल्याचंही कळत नाही, पण तुमच्या स्पीकरमधून टिक असा आवाज येतो. व्हिडिओ एक्सपोर्ट करणाऱ्याला सरासरी पुरते, कारण त्याचं काम पाच मिनिटं उशिरा संपलं तरी बिघडत नाही. आपल्या कामात सरासरीला किंमत नाही. सगळ्यात उशिरा येणारा तुकडा कोणता, एवढंच बघायचं.

आता तो उशीर का होतो ते. एका ट्रॅकवर तुम्ही ईक्यू, मग कॉम्प्रेसर, मग सॅच्युरेशन अशी प्लग-इन (आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्राम) लावलीत, तर कॉम्प्रेसरला ईक्यूचं काम होईपर्यंत थांबावंच लागतं, कारण ईक्यूमधून बाहेर पडलेला आवाज हाच त्याचा कच्चा माल. त्यामुळे एका ट्रॅकवरची साखळी एकामागून एकच चालते, जवळजवळ नेहमी एकाच कोअरवर. ती १४ कोअरमध्ये वाटून देता येत नाही. पुढे ढोलाचे आठ ट्रॅक ढोलाच्या ग्रुपमध्ये जातात. आठही आल्याशिवाय ग्रुप सुरू होत नाही. ढोल, ताशा, झांज हे ग्रुप तालाच्या मोठ्या ग्रुपमध्ये, तो मास्टरमध्ये, म्हणजे सगळं गाणं एकत्र होतं त्या शेवटच्या ट्रॅकमध्ये. मास्टर सगळ्यांसाठी थांबतो आणि मास्टरवर जे काही लावलंय ते एकटा एक कोअर करतो. पंगतीत वाढपी बारा उभे असले तरी भात पानात पडल्याशिवाय वरणवाल्याला पुढे सरकता येत नाही, तसंच.

आकड्यात मांडून बघा. समजा, ढोलाच्या सगळ्यात जड ट्रॅकला ०.९ मिलिसेकंद लागतात, ढोलाच्या ग्रुपला ०.५, तालाच्या ग्रुपला ०.३ आणि मास्टरवरच्या साखळीला १.१. बेरीज २.८. तुमच्याकडे आहेत २.६७. झालं, तडतड. या हिशेबात कोरसचे वीस ट्रॅक, पॅड, तानपुरा हे कुठे आलेच नाहीत, कारण ते बाजूच्या कोअरवर आरामात उरकले. तुम्ही कोरसमधले दहा ट्रॅक म्यूट करा, प्लग-इन काढा, काही फरक पडणार नाही. मग माणूस चिडतो आणि म्हणतो सॉफ्टवेअरच बेकार आहे. सगळ्यात लांब साखळी कुठली ते शोधा आणि फक्त ती आखूड करा. उरलेलं गाणं जसं आहे तसं राहू द्या.

शोधायची सुरुवात मास्टरपासून करा. क्यूबेसमध्ये एफ-१२ दाबून ऑडिओ परफॉर्मन्सची खिडकी उघडी ठेवा आणि मास्टरवरचे सगळे इन्सर्ट, म्हणजे तिथे लावलेली प्लग-इन, बंद करा. बायपास नव्हे, बंद. क्यूबेसमध्ये बायपास केलेलं प्लग-इन आतून चालूच राहतं, फक्त त्याचा आवाज वापरला जात नाही. पॉवरचं बटण बंद केलं तरच प्रोसेसरवरचा भार उतरतो. मीटर खाडकन खाली आला तर दुखणं सापडलं. माझ्या अनुभवात घरच्या स्टुडिओतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. चाल अजून बसलेली नसते, अंतऱ्याचे शब्द यायचे असतात, आणि मास्टरवर मात्र लिनियर फेज ईक्यू, मल्टीबँड कॉम्प्रेसर, टेपचा रंग, आठपट ओव्हरसॅम्पलिंग लावलेला लिमिटर आणि वर दोन-दोन मीटर अशी वरात असते. का, तर निर्मात्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला डेमोही जोरात वाजायला हवा. त्यासाठी ती साखळी प्रीसेट म्हणून साठवून ठेवा आणि डेमो काढताना तेवढ्यापुरती लावा. काम चालू असताना मास्टरवर एक साधा लिमिटर पुरे.

ओव्हरसॅम्पलिंगचं वेगळं सांगायला हवं, कारण ते छोट्याशा मेनूत दडलेलं असतं आणि एकदा लावलं की विसरलं जातं. चारपट ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे ते प्लग-इन ४८ ऐवजी १९२ किलोहर्ट्‌झवर गणित करतं. काम साधारण चौपट. सॅच्युरेशन आणि लिमिटरला त्याचा खरोखर उपयोग आहे, नाही असं नाही. पण बऱ्याच प्लग-इनमध्ये वाजवताना एक आणि अंतिम एक्सपोर्टला दुसरं अशी सोय असते. वाजवताना ओव्हरसॅम्पलिंग बंद, एक्सपोर्टला चार किंवा आठ. एक्सपोर्टला घड्याळाची मर्यादा नाही, गाणं चार मिनिटांचं असेल आणि निघायला सहा मिनिटं लागली तरी कुणाचं काही जात नाही. यू-ही कंपनीचा ‘दिवा’ (Diva) हा सिंथ वापरत असाल तर तिथेही तेच आहे: अचूकतेच्या पायऱ्या असतात, सगळ्यात वरची ‘डिव्हाइन’. ती कायम लावून ठेवायची गरज नाही. त्याच सिंथमध्ये मल्टिकोअरचं बटणही आहे, ते मात्र चालू करून बघण्यासारखं आहे, कारण एकाच ट्रॅकवरचे स्वर वेगवेगळ्या कोअरवर वाटून देण्याची सोय फार थोड्या वाद्यांमध्ये मिळते.

आता ‘क्लिक केलं की तडतडतं’ याबद्दल. तुमच्या प्रश्नातली ही सगळ्यात महत्त्वाची खूण आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत.

क्यूबेस दोन रांगा चालवतं. जे ट्रॅक नुसते वाजायचे आहेत, त्यांचा पुढचा आवाज आधीच माहीत असतो. म्हणून त्यांचं काम थोडं आगाऊ, मोठ्या बफरमध्ये करून ठेवता येतं. याला अ‍ॅसिओ-गार्ड म्हणतात. क्यूबेस ७ पासून ते आहे. जे ट्रॅक तुम्ही या क्षणी वाजवताय किंवा ज्यांचा मॉनिटर चालू आहे, त्यांचं काम आगाऊ करता येत नाही. तुम्ही पुढची पट्टी कधी दाबणार हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? ते ट्रॅक त्या २.६७ मिलिसेकंदांच्या कडक रांगेत जातात. आणि क्यूबेसच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी ट्रॅक (वाद्याच्या सुरांच्या नोंदींचा ट्रॅक) निवडला की तो आपोआप रेकॉर्डसाठी सज्ज होण्याची सोय आहे, ती बहुतेकांकडे चालू असते. म्हणजे तुम्ही ढोलाच्या ट्रॅकवर फक्त त्याची पातळी बघायला क्लिक केलंत, आणि तुमच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात जड वाद्य निवांत रांगेतून उचलून कडक रांगेत आणून बसवलंत. मिक्स करायला बसलात की ती सोय बंद करा, किंवा एक रिकामा ऑडिओ ट्रॅक ठेवा आणि हात मोकळा झाला की त्याच्यावर क्लिक करून ठेवा. ऐकायला गावठी उपाय वाटतो, पण लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारेही वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. तिथे निवडलेला वाद्याचा ट्रॅक लाइव्ह होतो आणि मीटरमध्ये एकाच कोअरची पट्टी वर टेकलेली दिसते, बाकीच्या खाली लोळत असतात.

अ‍ॅसिओ-गार्डची पातळी स्टुडिओ सेटअपमध्ये ‘हाय’ करा. तिथेच क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गची स्वतःची पॉवर स्कीम चालू करायचा चौकोन आहे, त्यावरही टिक करा. त्याने विंडोजचं वीज वाचवणं क्यूबेस चालू असेपर्यंत गप्प बसतं. प्रोसेसर दर थोड्या वेळाने डुलकी घेऊन पुन्हा जागा होण्यात जो वेळ जातो, तो लहान बफरवर महागात पडतो. आणि प्लग-इनच्या प्रेफरन्सेसमध्ये, आवाज येत नसेल तेव्हा व्हीएसटी-३ प्रकारची प्लग-इन थांबवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा. तुमचा तुतारीचा ट्रॅक गाण्यात दोनदाच येतो, त्याचा रीव्हर्ब सगळं गाणंभर कशाला राबवायचा?

इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतात, तत्त्व तेच. रीपरमध्ये अ‍ॅन्टिसिपेटिव्ह एफएक्स नावाने आगाऊ काम होतं, रेकॉर्डला लावलेल्या ट्रॅकला ते लागू नाही. परफॉर्मन्स मीटरमध्ये कुठला ट्रॅक किती खातोय ते ट्रॅकनिहाय दिसतं, हे रीपरचं मोठं सुख. एबलटन लाइव्हमध्ये ११ पासून ट्रॅकनिहाय मीटर आले. एफएल स्टुडिओत स्मार्ट डिसेबल आणि मल्टिथ्रेडेड जनरेटर व मिक्सर प्रोसेसिंग हे पर्याय चालू आहेत ना तेवढं पाहा.

साइडचेनबद्दल, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजाने दुसरा दाबण्याबद्दल, थोडंसं: किकवरून (बास ड्रमच्या ठोक्यावरून) सगळ्या गाण्याला पंप करायची फॅशन आहे, पण ज्या ट्रॅकला साइडचेन दिलं तो किकचा ट्रॅक पूर्ण होईपर्यंत अडकतो, म्हणून साइडचेनचा स्रोत हलका ठेवा. जड प्रोसेसिंग केलेल्या किकऐवजी तिची कोरडी नक्कल, जिच्यावर एकही प्लग-इन नाही, ती स्रोत म्हणून वापरा.

ढोल-ताशाकडे येतो. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत मुंबईतल्या प्रत्येक लहानमोठ्या स्टुडिओत हेच थर रचले जात असतात आणि याच थरांवर मशीन बसतं. सॅम्पल केलेल्या तालवाद्यात एक ठोका म्हणजे एक आवाज नसतो. लायब्ररीत जवळचा माइक, वरचा माइक, खोलीचा माइक अशा तीन पोझिशन असतील, तर एका ठोक्याला तीन स्टिरिओ सॅम्पल वाजतात. ताशाची तर्री घ्या. सेकंदाला पंधरा-सोळा ठोके, प्रत्येकाची शेपटी दीड-दोन सेकंद. म्हणजे एका क्षणी पंचवीस-तीस ठोके एकमेकांवर वाजत असतात, आणि तीन माइक धरले तर नव्वदच्या घरात. त्यावर तुम्ही पथक मोठं वाटावं म्हणून त्याच ताशाचे चार थर केलेत. मग कोअर दमणारच. खोलीचा माइक प्रत्येक थराला नको. तो एका थरावर ठेवा, बाकीच्यांवर बंद करा आणि मेमरीतूनही काढून टाका. रिलीज कमी करा, आवाजांची कमाल मर्यादा घाला. गर्दीच्या तालात शंभरावा आवाज कापला गेला हे कुणाच्या कानाला कळत नाही.

कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये (ध्वनिमुद्रित ठोके वाजवणाऱ्या वाद्यात) एकच खिडकी उघडून तिच्यात सोळा मिडी चॅनलवर ढोल, ताशा, हलगी, संबळ सगळं भरण्याची जुनी सवय आहे. रॅम महाग होती तेव्हा त्यात शहाणपण होतं. आज बहुतेक वेळा ते उलटं पडतं, कारण क्यूबेसच्या नजरेने ते एकच वाद्य आहे आणि त्याचं सगळं काम एका कोअरच्या गळ्यात पडतं. ढोल एका कॉन्टॅक्टमध्ये, ताशा दुसऱ्यात, हलगी-संबळ तिसऱ्यात असे वेगळे करा. मेमरी किंचित जास्त लागेल, पण काम कोअरमध्ये पसरेल. तुमच्या ‘रिकामे कोअर कामाला कसे लावायचे’ या प्रश्नाचं अगदी सरळ उत्तर शोधायचं तर हे आहे: काम समांतर ट्रॅकवर मांडा, कोअर आपोआप भरतात. कॉन्टॅक्टच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मल्टिप्रोसेसर सपोर्ट आहे. क्यूबेसच्या आत वापरताना तो बंद ठेवलेला बरा. कोअर वाटण्याचं काम क्यूबेस करत असताना आतलं वाद्यही स्वतःची वाटणी करू लागलं की दोघं एकमेकांच्या पायात येतात.

तानपुरा तर ऑडिओच करून टाका. चार मिनिटं तोच सूर, तीच जुळणी, आणि त्यासाठी एक सॅम्पलर पूर्ण वेळ जिवंत! गाण्याची पट्टी पक्की झाली की रेंडर इन प्लेस करा आणि मूळ ट्रॅक डिसेबल करून ठेवा. डिसेबल केलेला ट्रॅक प्रोसेसर घेत नाही, मेमरीही सोडतो, आणि गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने उतरवायला सांगितली तर परत जिवंत करता येतो. फ्रीझ किंवा रेंडर करायला लोक बिचकतात, मला हे नीट कळलेलं नाही. दिग्दर्शक आयत्या वेळी ‘ताशा जरा बदल’ म्हणेल ही भीती असते. म्हणू दे. अनफ्रीझ करायला मिनिट लागतं. पन्नास ट्रॅक अधांतरी ठेवून काम करण्यापेक्षा ठरलेल्या गोष्टी ठरवून टाकलेल्या बऱ्या, निर्णयही लवकर होतात.

रीव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर इन्सर्ट नको, दोन-तीन सेंड, म्हणजे सगळ्या ट्रॅकनी मिळून वापरायचे रीव्हर्ब, पुरेत. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही.

बफरचं गणित आता सोपं जाईल. ४८ किलोहर्ट्‌झला ६४ म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.६७, २५६ म्हणजे ५.३३, ५१२ म्हणजे १०.६७ आणि १०२४ म्हणजे २१.३३. जातानाचा आणि येतानाचा धरून प्रत्यक्ष उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्त पडतो, कारण इंटरफेसची आणि ड्रायव्हरची स्वतःची भर असते. बफर दुप्पट केला की कामही दुप्पट सॅम्पलचं येतं हे खरं, पण दर फेरीला थ्रेड जागे करणं, एकमेकांची वाट पाहणं हा जो ठरावीक खर्च असतो तो निम्म्या वेळा होतो, आणि मध्येच आलेला एखादा अडथळा पचवायला जागा मिळते. म्हणून मिक्स करताना १२८ चा हट्ट धरू नका. थेट १०२४ वर जा, फेडर ओढताना २१ मिलिसेकंदांनी काही अडत नाही. गायक माइकसमोर असेल तेव्हा खाली या. पण त्यासाठी सगळं गाणं जिवंत ठेवू नका, एक स्टिरिओ मिक्स काढा, नव्या प्रोजेक्टमध्ये टाका आणि तिथे ६४ किंवा १२८ वर गाऊन घ्या. इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर गायकाला त्याचा आवाज तिथूनच द्या, मग बफर कितीही असला तरी फरक पडत नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखं. बहुतेकांना चालतं, ताशेवाल्याला चालत नाही.

लिनियर फेज ईक्यू किंवा लूक-अहेड (पुढचा आवाज आधी बघण्याची सोय) असलेला लिमिटर मास्टरवर असेल, तर बफर ६४ करूनही गायकाला उशीर जाणवतो. तो उशीर प्रोसेसरचा नाही, प्लग-इनच्या पद्धतीतच असतो आणि बाकीचे ट्रॅक त्याच्यासाठी मागे ओढले जातात. क्यूबेसमधलं कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशनचं बटण अशा वेळी दाबा आणि टेक झाला की काढा.

आता अ‍ॅफिनिटी आणि ई-कोअर. तुमच्या १२७००एच मध्ये ६ पी-कोअर (ताकदवान कोअर) आहेत, त्यातला प्रत्येक दोन थ्रेड चालवतो, आणि ८ ई-कोअर, प्रत्येकी एक थ्रेड. बारा अधिक आठ, वीस. पी-कोअर कमाल ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो, ई-कोअर ३.५ पर्यंत, आणि तेवढ्याच वेगातही ई-कोअर कमी काम करतो. त्यामुळे सगळ्यात लांब साखळी चुकून ई-कोअरवर पडली तर घात होतो, ही भीती निराधार नाही. पण कुठला थ्रेड कुठे जावा याचा सल्ला प्रोसेसर स्वतः विंडोजला देत असतो आणि तो नीट ऐकायची सोय विंडोज ११ मध्ये आहे. विंडोज १० वर असाल तर आधी ते बदला. टास्क मॅनेजरमधून अ‍ॅफिनिटी लावून क्यूबेसला फक्त काही कोअर देणं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याच हातून माणसं काढून घेणं. सॉफ्टवेअरने कोअरच्या संख्येवरून थ्रेड तयार केलेले असतात, तुम्ही निम्मे कोअर काढून घेतले की तेवढेच थ्रेड कमी जागेत चेंगरतात. शिवाय प्रोग्राम बंद केला की ते सेटिंग जातं. प्रायॉरिटी ‘रिअलटाइम’ करायचा सल्लाही फिरतो. करू नका, इंटरफेसच्या ड्रायव्हरलाच वेळ मिळेनासा झाला तर आगीतून फुफाट्यात.

बायोसमधून ई-कोअर बंद करणं हा प्रयोग डेस्कटॉपवर करून बघण्याजोगा आहे. लॅपटॉपच्या बायोसमध्ये बहुधा तो पर्यायच मिळत नाही. हायपर-थ्रेडिंग बंद करण्याचंही तसंच. एका कोअरचे दोन थ्रेड म्हणजे एकाच कोअरमधली साधनं दोघांनी वाटून घेणं, त्यामुळे अगदी लहान बफरवर ते बंद केल्याने काही प्रोजेक्ट स्थिर होतात आणि मोठ्या मिक्सला उलट ताकद कमी पडते. वरचं सगळं करून झाल्याशिवाय इकडे वळू नका.

त्याआधी उष्णता बघा. ही मुंबईची खास अडचण आहे आणि बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमध्ये ती कुणी सांगत नाही. तुमचा प्रोसेसर ४५ वॉटच्या वर्गातला, जोर लावताना त्याच्या बरेच वर जाणारा. पातळ लॅपटॉपमध्ये तो पहिली काही मिनिटं ४.५ च्या वर धावतो, मग तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. वेग ४.५ वरून ३ वर आला की तीच साखळी, जी २.४ मिलिसेकंदांत होत होती, ३.६ घेते. प्रोजेक्टमध्ये काहीही न बदलता तडतड सुरू. आणि आपण काय करतो? टेक घ्यायचा म्हणून पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद, भिंतीला फोम. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये त्या खोलीत माणूस टिकत नाही, लॅपटॉप कुठून टिकणार. ओळखायची खूण सोपी: थंड मशीनवर प्रोजेक्ट नीट चालतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी तडतडायला लागतो. टास्क मॅनेजरमधला टक्क्यांचा आकडा सोडा, तिथेच लिहिलेला गिगाहर्ट्‌झमधला वेग बघत राहा.

उपाय साधे आहेत. लॅपटॉप मागून उचलून ठेवा. वर्षातून एकदा उघडून पंखा साफ करून घ्या. इथल्या दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते आणि पात्यांवर तिचा थर धरतो. जुना असेल तर थर्मल पेस्टही बदला. टेक घेताना चार्जर काढू नका, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात. आणि तरीही गरम होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करून बघा. बऱ्याच इंटेल मशीनवर त्याने टर्बो बंद होतो. वरचा वेग जातो, पण जो उरतो तो तासभर तसाच राहतो. चढउतार करणाऱ्या ४.५ पेक्षा स्थिर वेग आपल्या कामाचा. फक्त तुमच्या मॉडेलचा मूळ वेग कमी आहे, त्यामुळे हे मोठ्या बफरवर, मिक्सच्या वेळी करा.

सगळ्यात आधी करायची एक चाचणी शेवटी सांगतोय. नवा रिकामा प्रोजेक्ट उघडा, तीन साधे ऑडिओ ट्रॅक टाका, एकही प्लग-इन नको, बफर १२८. तरीही टिकटिक येत असेल तर कोअरचा, साखळीचा काही संबंध नाही, एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय. लेटन्सीमॉन नावाचं छोटं साधन दहा मिनिटं चालवून ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते नावासकट कळतं. लॅपटॉपवर बहुधा वाय-फाय, ग्राफिक्स नाहीतर बॅटरीचं व्यवस्थापन निघतं. वाय-फाय बंद करून काम करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला, आणि इंटरफेसला त्याच्याच कंपनीचा अ‍ॅसिओ ड्रायव्हर लावा, सरसकट चालणारा नको. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो वेगळाच आजार, त्याला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासा.

उरली खरेदी. सगळं करूनही लांब साखळी मावत नसेल, आणि ती खरंच आखूड करता येत नसेल, तर लॅमिंग्टन रोडला जा, पण कोअर मोजायला जाऊ नका. दुकानदार २४ कोअर म्हणेल, त्यातले पी-कोअर किती ते विचारा आणि एका कोअरचा वेग बघा. मास्टरची साखळी एकाच कोअरवर चालणार आहे, तिला शेजारी २३ असले काय आणि ७ असले काय. आठ वेगवान कोअर, मोठा कूलर आणि ३२ जीबी रॅम असलेला डेस्कटॉप तुमच्या कामाला चकचकीत २४ कोअरच्या लॅपटॉपपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण त्याचा वेग तासाभरानेही तोच राहतो. लायब्ररीसाठी वेगळी एसएसडी घ्या. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवायची जागा असेल तर आधी तेवढंच करा. १६ जीबीत ढोल-ताशा, कोरस आणि ब्राउझर एकत्र राहिले की विंडोज मेमरीतलं सामान डिस्कवर हलवायला लागतं, आणि त्या वेळी येणारी तडतड ऐकायला प्रोसेसरच्या तडतडीसारखीच असते.

हे करून पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: रिकाम्या प्रोजेक्टमध्ये काय झालं, मास्टरचे इन्सर्ट बंद केल्यावर एफ-१२ मधला कुठला मीटर खाली आला, रिअल-टाइमचा की अ‍ॅसिओ-गार्डचा, आणि वीस मिनिटांनी वेग किती गिगाहर्ट्‌झ दिसत होता.